साक्षगंधाचा पोशाख आणि सावळा रंग

स्मरणिकेसाठी यंदाही लेख द्यावा असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. विषयाची निवड मात्र त्यांनी माझ्यावर सोपविली. बालरोगतज्ज्ञाने लसीकरण, वरचे अन्न, अतिसार किंवा फार तर मुलांच्या हातातील मोबाइल या विषयांवर लिहावे असा एक अलिखित संकेत आहे. त्या विषयांवर माझे यापूर्वी पुरेसे लिहून झाले आहे. यंदा साक्षगंधापूर्वी जोडप्याची जी छायाचित्रे काढली जातात, त्यांसाठी कपडे कसे निवडावेत, या विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. व्यवसायबंधू हसतील याची कल्पना आहे. परंतु ज्या बालकांना मी बीसीजी आणि त्रिगुणी लस टोचली, ती आता पंचविशीच्या उंबरठ्यावर उभी आहेत. त्यांच्या साक्षगंधाची निमंत्रणे मला येतात आणि निमंत्रणाआधी त्यांचे फोटो माझ्या मोबाइलवर येऊन पोहोचतात. ते पाहताना मनात जे विचार आले, त्यांचा आपल्या व्यवसायाशी निकटचा संबंध आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आपल्या आदिलाबाद भागात या विधीला कोणी साक्षगंध म्हणते, कोणी कुंकू, कोणी साखरपुडा, तर तेलुगू शेजारी निश्चितार्थम्. पैनगंगेच्या अलीकडचा मुलगा आणि पलीकडची मुलगी हा येथील सोयरिकीचा जुना रिवाज. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत ते मुंबई राज्यात गेले, आपण आंध्र प्रदेशात राहिलो आणि २०१४ मध्ये तेलंगणात आलो. राज्ये बदलली, सोयरे बदलले नाहीत. पूर्वी या प्रसंगी फोटो म्हणजे गावातल्या छायाचित्रकाराने मांडवात काढलेला एक सामुदायिक फोटो असे; त्यात वधू मान खाली घालून बसलेली आणि वराचे लक्ष भलतीकडेच. आता विधीच्या पंधरा-वीस दिवस आधी दोघेजण छायाचित्रकारासह कुंतला किंवा पोचेरा धबधब्यावर, माहूरच्या गडावर, सागाच्या जंगलात अथवा फुटलेल्या कापसाच्या शेतात जातात आणि तीन-चार पोशाख बदलून दिवसभर फोटो काढतात.

मी या प्रथेचा विरोधक नाही. ज्या समाजात लग्नापूर्वी दोघांना निवांत बोलायला जागा मिळत नसे, तेथे घरच्यांच्या संमतीने एक दिवस एकत्र घालवता येतो, ही मला चांगलीच गोष्ट वाटते. दोन घास एकत्र खाता येतात, कोण किती लवकर चिडतो ते कळते. खर्चाविषयी बोलायला इतर पुष्कळ वडीलधारी मंडळी समर्थ आहेत. माझी हरकत आहे ती कपड्यांचा रंग ज्या कसोटीवर ठरतो त्या कसोटीला.

नागपूर येथून सुमारे दोनशे किलोमीटर आणि हैदराबाद तीनशे. लग्नाचा बस्ता बांधायला आपली माणसे या दोहोंपैकी एकीकडे जातात. दुकानाच्या गादीवर साड्यांचा ढीग पडतो आणि मुलीची मावशी, होणारी नणंद, नाही तर दुकानदार स्वतः ते वाक्य उच्चारतो : ‘हा रंग हिला दबतो. हिचा रंग जरा सावळा आहे, काहीतरी फिकट दाखवा.’ मग गडद वांगी, कुंकवाचा लाल, मोरपिशी, शेवाळी हे रंग बाजूला सारले जातात आणि पिस्ता, फिकट गुलाबी, मोतिया असे साय फेटल्यासारखे रंग पुढे येतात. मुलगी काही बोलत नाही. हे वाक्य तिने आयुष्यात प्रथमच ऐकलेले नसते.

तिने ते जन्मल्याच्या दिवसापासून ऐकलेले असते, आणि याला माझ्यासारखे बालरोगतज्ज्ञ साक्षीदार आहेत. मूल हातात येताच आजी त्याच्या कानाच्या पाळीचा आणि नखांच्या मुळाशी असलेला रंग पाहते, कारण ‘पुढे हाच रंग येणार’ हे तिला ठाऊक असते. आजीचे निरीक्षण चुकीचे नसते. नवजात बालकाच्या त्वचेत मेलॅनिनची निर्मिती पूर्ण वेगाने सुरू झालेली नसते. ती पुढील काही आठवड्यांत वाढते आणि बाळाचा खरा रंग दिसू लागतो. मग सहाव्या आठवड्याच्या लसीला आई विचारते, ‘डॉक्टर, रंग का उतरला?’ त्यामागोमाग हरभऱ्याचे पीठ, साय, हळद यांनी त्या कोवळ्या त्वचेला घासणे सुरू होते आणि पुरळ उठले की मूल पुन्हा आमच्याकडे येते. मुलगा असेल तर हा प्रश्न एकदा विचारून आई गप्प बसते. मुलगी असेल तर तो प्रत्येक लसीला येतो. कित्येक प्रतीक्षागृहांत निळ्या डोळ्यांच्या, गुलाबी गालांच्या परदेशी बाळांची चित्रे लटकलेली दिसतात आणि गरोदर स्त्रिया ती टक लावून पाहत असतात. माझ्या दवाखान्यात असे चित्र मी लावलेले नाही. दवाखान्याच्या भिंतीवर आपण काय टांगतो, हासुद्धा एक सल्लाच असतो.

हे सारे सामाजिक झाले. परंतु ‘सावळ्या मुलीने फिकट नेसावे’ हा सल्ला निव्वळ तंत्राच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. हे मला छायाचित्रणाचा छंद जडल्यामुळे कळले, आणि तेच या लेखाचे निमित्त आहे.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोर मनुष्य आहे, साडी आहे की भिंत आहे, हे मुळात कळत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे गृहीत धरून तो प्रकाशाचे माप ठरवितो. चौकटीचा मोठा भाग पांढऱ्या किंवा फिकट कापडाने व्यापला असेल, तर त्याला वाटते की उजेड फार झाला. तो सारे चित्र काळवंडून टाकतो, आणि त्यात चेहराही काळवंडतो. उलट सारे कपडे काळेभोर असतील, तर तो चित्र उजळवितो आणि चेहरा पिठूळ, रेखाहीन दिसतो. आताचे कॅमेरे चेहरा ओळखून थोडी दुरुस्ती करतात, हे खरे. पांढऱ्या पदरावरून हनुवटीखाली थोडा उजेड परततो, हेही खरे. पण पाहणाऱ्याच्या डोळ्याचे काय? तीच गव्हाळ त्वचा पांढऱ्याशेजारी अधिक गडद आणि गडद रंगाशेजारी अधिक उजळ भासते, हा दृष्टीचा धर्म कोणताही कॅमेरा बदलू शकत नाही. सावळ्या मुलीला मोतिया नेसवून कापसाच्या पांढऱ्या शेतात दुपारी बारा वाजता उभे करायचे आणि मग फोटो काळा आला म्हणून तिच्या रंगाला बोल लावायचा, हा आपल्या जिल्ह्यात दर हिवाळ्यात घडणारा प्रकार आहे.

कॅमेऱ्याचा हा पक्षपात जुना आहे. लाला दीनदयाळ यांनी निजामाच्या हैदराबादेत, म्हणजे आपल्याच तेव्हाच्या राजधानीत, १८९२ मध्ये खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. पडदानशीन स्त्रियांना संकोच वाटू नये म्हणून तेथे छायाचित्रे काढण्याचे काम केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे सोपविले होते. त्या काळच्या सर्वसाधारण काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळे निळे वस्त्र पांढुरके उमटे, लाल शालू काळा ठिक्कर दिसे आणि कुंकू काजळाच्या टिळ्यासारखे येई. आपल्या त्वचेतही तांबूस-पिवळ्या छटा असल्याने ती प्रत्यक्षाहून काळी दिसे. पुढे रंगीत फिल्म आली, पण प्रयोगशाळेत रंग जुळविण्यासाठी गोऱ्या युवतीचे जे नमुनाचित्र वापरीत, ते ‘शर्ली कार्ड’ या नावाने प्रसिद्ध आहे. सावळ्या चेहऱ्यांच्या छटा त्या फिल्ममध्ये हरवत. कोडॅक कंपनीने तपकिरी छटांकडे लक्ष दिले ते माणसांच्या तक्रारींपेक्षा चॉकलेट आणि लाकडी सामान बनविणाऱ्यांच्या तक्रारींमुळे, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. आपल्या आयांच्या तरुणपणीचे रंगीत फोटो पाहून ‘ही किती काळी होती’ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

व्यवसायबंधूंना हे नवीन वाटू नये. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर करोनाच्या काळात घरोघरी पोहोचले, आणि डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील निरीक्षण प्रसिद्ध झाले : यंत्र प्राणवायू पुरेसा दाखवीत असताना प्रत्यक्षात तो कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर गोऱ्यांत ३.६ टक्के होते. बाळाची कावीळ नुसत्या डोळ्यांनी जोखताना सावळ्या त्वचेवर किती फसगत होते, हे आपण जाणतोच. म्हणून आपण बिलिरुबिन मोजतो. यंत्र चुकते तेव्हा आपण यंत्राला दोष देतो, बाळाच्या कातडीला देत नाही.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळतो. येथे मी तज्ज्ञ असल्याचा आव आणीत नाही. वीस-पंचवीस जोडप्यांचे फोटो पाहून आणि काही स्वतः काढून बनलेली ही मते आहेत.

गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला खोल, भरीव रंग शोभतात, आणि असे रंग आपल्या दोन्ही परंपरांत मुबलक आहेत. पैठणीचा वांगी, मोरपंखी किंवा कुंकवाचा लाल. त्यावर जरीच्या पदरात विणलेले बांगडी-मोर अथवा आसावली. येवल्याची असो वा पैठणची, अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, त्यामुळे वाऱ्याने पदर उलटला तरी फोटो बिघडत नाही. तिकडे पैठणीच्या किमतीने छाती दडपत असेल, तर नारायणपेठी आहे. शिवछत्रपतींच्या छावणीबरोबर आलेले विणकर तेथे स्थिरावले, अशी आख्यायिका सांगतात. ते नारायणपेठ आज तेलंगणातला स्वतंत्र जिल्हा आहे, आणि त्या साडीला पुण्यामुंबईच्या घरांतही मान आहे. आपल्यासारख्या दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांना याहून जवळची साडी कोणती? गदवालची साडी अंगाला सुती आणि काठ-पदर रेशमी. दिवसभर नेसून हिंडायला ती फार सोयीची. पोचमपल्लीच्या इकतमध्ये सूत विणण्यापूर्वीच बांधून रंगवितात, त्यामुळे नक्षीच्या कडा किंचित थरथरल्यासारख्या दिसतात. फोटोत ते मोठे सुंदर दिसते. भंडारा-नागपूरकडची करवतकाठी टसर मला व्यक्तिशः सर्वांत प्रिय आहे, पण तिचा मूळ मधाळ रंग गव्हाळ त्वचेत मिसळून जातो. ती नेसायची तर चोळी गडद हवी.

हिरवा रंग निवडताना थोडी सावधगिरी बाळगावी. पोपटी पदर गळ्याशी असला तर त्याची छाया हनुवटीवर पडते आणि मुलगी आजारी दिसते. बाटलीसारखा गडद हिरवा असे करीत नाही. बारीक चौकड्यांवर कॅमेऱ्यात लाटांसारख्या रेषा उमटतात. टिकल्यांच्या लेहंग्यावर प्रखर दिवा पडला की चेहऱ्यावर ठिपके पडतात, गोवरासारखे.

काळ्या रंगाविषयी घरातील वडीलधारे हरकत घेतील, आणि साक्षगंधाच्या विधीत ती मानावी. पण फोटोंचा दिवस विधीचा नव्हे. आपल्याच परंपरेत नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसवून, हलव्याचे दागिने घालून फोटो काढण्याची पद्धत आहे, आणि त्या फोटोत न शोभलेली मुलगी मी अजून पाहिलेली नाही. ज्या समाजाचे दैवत विटेवरचा सावळा विठ्ठल आहे, त्याने रंगाचे एवढे भय बाळगावे, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

मुलाच्या कपड्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. त्याला कोणी सावळा म्हणून अडवीत नाही. त्याने पांढरा झब्बा घातला की सर्वांना तो बरा दिसतो. माझी सूचना एवढीच, की दोघांनी एकाच ताग्यातून कापलेले कपडे घालू नयेत. तसे केल्यास जोडपे बँडपथकातले वाटते. तिच्या काठातला एखादा रंग त्याच्या उपरण्यात किंवा फेट्यात आला तरी जुळणी होते.

मुलगा तेलुगू घरातला आणि मुलगी मराठी, किंवा उलट, अशी लग्ने आता आपल्या गावात नवी राहिलेली नाहीत. अशा वेळी पैठणी की कांजीवरम यावर दोन्हीकडच्या आत्या हट्टाला पेटतात. एकदा या, एकदा त्या साडीत फोटो काढावेत आणि आत्यांना आपापला फोटो पाठवावा. याहून खोल तत्त्वज्ञान या प्रश्नात मला दिसत नाही.

पोशाखांची संख्या मात्र कमी असावी, आणि यात माझा वैद्यकीय स्वार्थ आहे. कुंतलाचा धबधबा सुमारे ४५ मीटरांचा. खालचा खडक शेवाळी आणि निसरडा. तेथे यापूर्वी पर्यटकांचे बळी गेले आहेत. त्या खडकावर भाड्याने आणलेला, दहा हात लांब शेपटीचा झगा घालून, उंच टाचेच्या चपलांत उभे राहणे म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना निमंत्रण देणे होय. जंगलात कपडे बदलायला जागा नसते. मुली मोटारीत, काचांना ओढण्या लावून कपडे बदलतात आणि बाहेर छायाचित्रकाराचे दोन साहाय्यक, चालक, होणारा नवरा उभे असतात. काही बोलल्या नाहीत तरी त्या अवघडलेल्या असतात, आणि ते अवघडलेपण पुढच्या प्रत्येक फोटोत दिसते. दीनदयाळांना १८९२ मध्ये जे उमगले होते, ते आपण विसरलो. एक साडी, एक साधा सुती पोशाख, दोन्ही एकदा घरी नेसून-घालून, बसून-उठून पाहिलेले, एवढे पुरे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे झेपावतो. त्यात कृत्रिम धाग्याचा जड लेहंगा घालून दुपार काढली तर घामोळ्या येतात आणि भोवळ येण्याची वेळही येते. हिवाळ्यात हाच पारा पहाटे एक आकडी होतो. त्या वेळी उघड्या पाठीची चोळी घालणाऱ्या मुलीचे ओठ निळे दिसतात आणि छायाचित्रकार त्यांना गुलाबी करीत बसतो.

येथवरचा मजकूर हसण्यावारी नेता आला असता. पुढचा नेता येणार नाही.

फिकट साडी आधी ठरते, आणि मग त्या साडीला जुळणारा चेहरा तयार करण्याची खटपट सुरू होते. काही महिन्यांपूर्वी अशीच एक मुलगी माझ्याकडे आली. मी तिला लहानपणापासून पाहिलेले असल्याने, मोठी झाल्यावरही आधी माझ्याकडे येण्याचा तिचा प्रघात. साक्षगंधाला अठरा दिवस उरले होते. गाल तांबडेलाल, त्यावर बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे, हनुवटीवर पुटकुळ्या, गालांवर लव; उन्हात गेले की आग होते म्हणाली. मोतिया रंगाचा घागरा ठरला होता आणि ‘त्यावर रंग उजळ दिसावा’ म्हणून कोणीतरी हातात दिलेले मलम ती तीन महिने लावीत होती. आपणा सर्वांच्या परिचयाचे ते मिश्रण : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक जोरकस स्टेरॉइड. मलम थांबविले की चेहरा आणखी फुलतो, म्हणून ती थांबवीत नव्हती. मी तिला त्वचारोगतज्ज्ञ मित्राकडे पाठविले. त्याने जे करायचे ते केले, पण असला चेहरा अठरा दिवसांत निवळत नाही. तिने खाली मान घालून मला विचारले, ‘काका, फोटो पुढे ढकलू का?’ मी म्हटले, ‘फोटो पुढे ढकल, आणि घागराही बदल.’ तिने घागरा बदलला. गडद निळी साडी नेसून काढलेले तिचे फोटो दोन महिन्यांनी आले. चेहरा अजून थोडा लालसर आहे, आणि तो तसाच ठेवावा, असे तिने छायाचित्रकाराला बजावले होते.

स्टेरॉइडयुक्त मलमे २०१८ मध्ये अनुसूची एचमध्ये आली. वैद्याच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. नियम चांगला आहे. तो आपल्या गावच्या दुकानांत कितपत पाळला जातो, हे वाचकांनी स्वतःच्या अनुभवावरून ठरवावे. नावानिशी विकल्या जाणाऱ्या मलमांपेक्षा बिननावाच्या डब्या अधिक भयंकर असतात. पारा मेलॅनिन बनविणाऱ्या विकराचे काम थांबवितो, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो. आणि तोच पारा त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडाची चाळणी निकामी करतो. सौंदर्यप्रसाधनांत अनवधानाने आलेल्या पाऱ्याची आपल्याकडील मर्यादा दहा लाख भागांत एक भाग एवढी आहे. आपल्यापासून फार दूर नसलेल्या अकोल्यातील एका कुटुंबात मुलगी, आई आणि बहीण अशा तिघींच्या मूत्रपिंडांना गोरेपणाच्या मलमाने इजा झाल्याचे २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांत आले होते. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील मूत्रपिंडतज्ज्ञांनीही अशाच रुग्णांकडे लक्ष वेधले. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद मात्र अमेरिकेतली आहे. २०१० मध्ये कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियातील घरांची पाहणी झाली, तेव्हा मलम न लावणाऱ्या घरच्या माणसांच्या आणि लहान मुलांच्या लघवीतही पारा सापडला. तो टॉवेलातून, उशीतून, आईच्या हातांतून आला होता. साक्षगंधासाठी सुरू झालेले मलम लग्नानंतर, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरही चालू राहते. ट्रेटिनॉइन गरोदरपणात वर्ज्य, हे मी येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. पण ते विचारण्याची आवश्यकता आहे. ‘कोणते औषध घेता?’ या प्रश्नाला ती ‘काही नाही’ म्हणते, कारण चेहऱ्याचे मलम तिच्या लेखी औषध नसते. ‘तोंडाला काय लावता?’ असे वेगळे विचारावे लागते. सहा आठवड्यांच्या बाळाला लसीसाठी आणणाऱ्या आईला मी हल्ली हाच प्रश्न विचारतो.

बाहेरचे जग थोडे बदलले आहे, हेही सांगायला हवे. २०२० मध्ये एका विवाह संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली, आणि १९७५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ने नावातला ‘फेअर’ शब्द गाळला. कंपनीने जे नावापुरते केले, ते आपल्याला घरात करायचे आहे, आणि तेथे जाहिरात करून भागत नाही.

छायाचित्रकारांशी मी याविषयी बोललो आहे. ते म्हणतात, ‘डॉक्टरसाहेब, चेहरा उजळला नाही तर गिऱ्हाईक पैसे देत नाही.’ त्यांचे खरे आहे. त्यांना दोष देणे सोपे आणि निरुपयोगी आहे. म्हणून फोटो ठरवितानाच मुलीने स्वतः दोन गोष्टी सांगाव्यात : प्रकाशाचे माप माझ्या चेहऱ्यावर घ्या, कपड्यांवर नको, आणि नंतर संगणकावर माझ्या चेहऱ्याचा रंग बदलू नका, पुटकुळी काढलीत तर चालेल. हे सांगायला तिला संकोच वाटत असेल तर मुलाने सांगावे. त्या एका वाक्याने तो होणाऱ्या सासरच्या कपाटातल्या सगळ्या साड्यांपेक्षा अधिक देऊन जाईल. आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी लवकरच लग्न आहे, त्यांनी दुकानात ‘दबतो’ हा शब्द कानावर येताच दुकानदाराला पहिली गडद साडी पुन्हा उघडायला सांगावी आणि मुलीला आरशासमोर नव्हे, तर दाराबाहेर उजेडात उभे करून तिचे तिला पाहू द्यावे. दुकानातल्या पांढऱ्या नळीखाली सगळेच रंग खोटे बोलतात.

तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतील, आणि तोवर बेला-जैनदकडच्या शिवारात कापूस फुटलेला असेल. ज्यांना तेथेच फोटो काढायचे आहेत, त्यांनी पांढरे सोडून मनाला येईल ते नेसावे आणि सकाळी आठच्या आत शेतात पोहोचावे. ऊन तिरपे असते, दव वाळलेले नसते, म्हणून साडी घोट्याच्या वर खोचावी लागते. शेतमालकाची परवानगी आदल्या दिवशी घ्यावी; वेचणीच्या दिवसांत बोंडे तुडविलेली त्याला चालत नाहीत.